दोन्ही टोकांना तेच अक्षर

नमस्कार श्रोतेहो. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरून सावकाश चालत गेलात तर एक पाटी पुन्हापुन्हा दिसते, झेरॉक्स. काळे कोट, स्टॅम्प पेपर आणि 'अहो, मागूनपुढून दोन कॉपी काढा' अशी घाई. या घाईत त्या पाटीवरचं इंग्रजी स्पेलिंग कोण बघतो? आज बघू या. आरंभी एक्स, शेवटीही एक्स. इंग्रजीत एक्सने सुरू होणारे शब्दच मुळात मोजके, त्यात एक्सवरच संपणारा म्हणजे दुर्मीळ.

आणि हा योगायोग नाही बरं का. चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमध्ये पेटंटच्या कामात होते. कागदपत्रांच्या नकला करून जीव मेटाकुटीला यायचा, त्यात नजर अधू आणि सांधेदुखी. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत, गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून त्यांनी पहिली कोरडी नक्कल उमटवली. मजकूर काय, तर त्या दिवसाची तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया'. ओलं रसायन कुठेच नाही, म्हणून कोरडा या अर्थाच्या ग्रीक 'झेरॉस'वरून पुढे नाव पडलं.

पण 'झेरॉस'च्या शेवटी एक्स कुठाय? तो मुद्दाम चिकटवलाय. हे तंत्र बाजारात आणणारी हॅलॉइड कंपनी रॉचेस्टर शहरातली, आणि त्याच शहरात कोडॅक. कोडॅकच्या दोन्ही टोकांना के. जॉर्ज ईस्टमन यांना के हे अक्षर फार ठसठशीत वाटायचं, म्हणून १८८८ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यासाठी हे बिनअर्थाचं नाव घडवलं. शेजारच्या दाराला तोरण दिसलं की आपल्याही दाराला हवंच, तसा हॅलॉइडवाल्यांनी शेवटी एक्स लावला. १९६१ मध्ये कंपनीचं नावच झेरॉक्स झालं.

आता अडचण अशी की हे मी तुम्हाला रेडिओवर सांगतेय, आणि कानांना यातलं काहीच पटणार नाही. ऐकताना सुरुवातीला झ, शेवटी स. आपण ऐकू येतं तसं लिहिणारी माणसं, त्यामुळे मराठीत हा शब्द सरळ नापास! बल्ब, पंप, म्युझियम हे शब्द दोन्ही लिपींत टिकतात. उलट केक आणि पाईप आपल्याकडे पास, इंग्रजीत नापास, कारण शेवटी तो मुका ई येऊन बसतो.

सगळ्यात मजा जे या अक्षराची. जे ने सुरू होऊन जे वरच संपणारा नेहमीच्या वापरातला इंग्रजी शब्द मला तरी सापडला नाही. अस्सल इंग्रजी शब्द जे वर संपतच नाहीत. तिथे जी आणि ई लावायची रीत. शब्दकोशात जे वर संपणारे भेटतात ते बहुतेक बाहेरून गेलेले, आपले राज आणि स्वराज, नाहीतर अरबी हज. आणि कोर्ट नाक्यावर ज्यांच्यासमोर त्या सगळ्या झेरॉक्स ठेवायच्या, ते कोण? जज! इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी ई, मराठीत दोन अक्षरं आणि दोन्ही ज. व्ही ची तीच कथा. प्लंबर ज्याला व्हॉल्व्ह म्हणतो, त्याच्या दोन्ही बाजूंचा व्ह आपल्याला ऐकू येतो, इंग्रजीत मात्र शेवटी पुन्हा ई.

घरी बसून शब्दकोश चाळण्यापेक्षा ठाण्याहून पनवेल लोकल पकडा आणि स्टेशनांच्या पाट्या वाचत जा. ऐरोली नाही, रबाळे नाही, घणसोली, तुर्भे, नेरूळ, कुणीच नाही. सीवूड्स तेवढं जमतं, इंग्रजीत एस ते एस आणि मराठीत स ते स. मात्र पाटी पूर्ण वाचू नका. पुढे 'दारावे' आलं की तेही गेलं.