300 फूट कुठून मोजायचे? मिशिगनचा सौर कायदा आणि टाउनशिपच्या हातात उरलेलं

मंडळी, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मोठा सौर प्रकल्प होऊ द्यायचा की नाही, हे बहुतेक ठिकाणी टाउनशिप (गावपातळीची स्थानिक संस्था) किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) ठरवत असे. 2023 चा कायदा क्रमांक 233 हा 29 नोव्हेंबर 2024 पासून लागू झाला आणि 50 मेगावॉट व त्यावरच्या सौर प्रकल्पांना राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाकडे जाण्याची वाट मिळाली. त्याखालचे प्रकल्प स्थानिक झोनिंगकडेच, म्हणजे जमीनवापराच्या नियमांकडेच, राहिले.

तरीही गावाचा हक्क संपलेला नाही. राज्याच्या निकषांहून कडक नसलेला, म्हणजे ‘सुसंगत’, नियम टाउनशिपने करून ठेवला असेल, तर कंपनीला आधी तिच्याच दारात यावं लागतं. कंपनी टाउनशिपच्या प्रमुखाला भेटीसाठी लेखी विचारते. भेटीनंतर 30 दिवसांत प्रमुखाने ‘आमचा सुसंगत नियम आहे’ असं कळवायचं. प्रकल्प दोन टाउनशिपमध्ये पसरला असेल, तर नियम दोन्हींकडे हवा. एकीकडे नसेल तर कंपनी थेट आयोगाकडे जाऊ शकते. अर्ज आल्यावर निर्णयाला 120 दिवस, उभयपक्षी संमतीने आणखी 120. अर्धवेळ काम करणाऱ्या नियोजन समितीला ही मुदत फार तोकडी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून अभियंता आणि वकील अर्ज येण्याआधीच ठरवून ठेवावेत.

आता राज्याच्या निकषांतली अंतरं. प्रकल्पात सहभागी नसलेल्या शेजाऱ्याच्या घरापासून 300 फूट, त्याच्या हद्दीपासून 50 फूट, सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीपासून 50 फूट. मोजायचं कुठून? प्रकल्पाच्या बाजूने कुंपणाच्या कडेपासून, पॅनेलच्या रांगेपासून नव्हे. घराच्या बाजूने बाहेरच्या भिंतीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंत. नकाशावर पॅनेलपासून मोजलं की कुंपण अटीच्या आत घुसतं आणि आराखडा परत काढावा लागतो. पॅनेल पूर्ण कललेलं असताना उंची 25 फुटांपर्यंत. आवाजाची मर्यादा शेजारच्या घराच्या भिंतीपाशी तासाच्या सरासरीने 55 डेसिबल. आवाज येतो तो इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरचा, त्यामुळे ते जागेच्या मधोमध बसवायला लावणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

टाउनशिपने 300 ऐवजी 500 फूट लिहिलं की तिचा नियम सुसंगत राहत नाही आणि कंपनीला आयोगाचं दार उघडतं. निकष पाळणारा अर्ज फेटाळला तरी तेच होतं. शेजारच्या इलिनॉयने 2023 मध्ये काउंट्यांना अशीच मर्यादा घातली; तिथे घरापासूनचं अंतर 150 फूटच आहे.

प्रकरण आयोगाकडे गेलं तरी टाउनशिपने बाजूला बसू नये. बाजू मांडण्याच्या खर्चासाठी कंपनीकडून प्रत्येक स्थानिक संस्थेला 75,000 डॉलरपर्यंत एकरकमी अनुदान मिळतं, सगळ्या मिळून कमाल 1,50,000. कंपनी आणि टाउनशिप यांच्यातल्या यजमान कराराखाली हद्दीतल्या प्रत्येक मेगावॉटमागे 2,000 डॉलर मिळतात, म्हणजे 100 मेगावॉटला दोन लाख. टाउनशिपने बोलणी प्रामाणिकपणे केली नाहीत, तर हा करार स्थानिक सामाजिक संस्थांशी होऊ शकतो.

प्रकल्प मोडण्याच्या खर्चाची हमी टप्प्याटप्प्याने द्यायची असते: वीज सुरू होताना किमान 25 टक्के, पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला 50, दहाव्याच्या सुरुवातीला पूर्ण. खर्चाचा अंदाज भंगाराची किंमत वजा करून काढतात. हा अंदाज काढणारा तज्ज्ञ कंपनीने नेमलेला असतो, त्यामुळे धातूचा भाव कुठला धरलाय हे टाउनशिपच्या अभियंत्याने ओळीओळीने तपासावं.