डिझेलवर फ्युएल सेल: १० पीपीएम गंधकसुद्धा जास्त का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "हायड्रोजन मिळत नाही, तर सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल डिझेलवर चालवा की!" (फ्युएल सेल म्हणजे इंधन न जाळता त्यातून थेट वीज काढणारं यंत्र; सॉलिड ऑक्साइड हा त्याचा खूप तापमानावर चालणारा प्रकार.) चालतो. पण आधी डिझेलचा वायू करावा लागतो.

मूळ गोष्ट पटकन सांगतो. डिझेलची वाफ, पाण्याची वाफ आणि थोडी हवा गरम उत्प्रेरकावरून नेली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतात. हा झाला रिफॉर्मर. ७००-८०० अंशांवर चालणाऱ्या या सेलला दोन्ही वायू चालतात. झालं.

आता गंधक. "बीएस-६ (गाड्यांच्या प्रदूषणाचे नियम) आलं, डिझेलमध्ये सल्फर राहिलाय कुठे?" ही कमेंट दिसली की मला गप्प बसवत नाही. एप्रिल २०२० पासून देशभर मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आली, पण ती गाड्यांचा धूर साफ करणारी यंत्रणा टिकावी म्हणून. फ्युएल सेलचं गणित वेगळं आहे.

किलोभर डिझेलात १० मिलिग्रॅम गंधक. रिफॉर्मरच्या वायूत तो पसरतो आणि साधारण १ पीपीएम हायड्रोजन सल्फाइड उरतो. "एकच ना?" अहो, ॲनोडमधलं (सेलची इंधनाकडची बाजू) निकेल तेवढाही धरून ठेवतं! हायड्रोजनने जिथे बसायचं, त्या जागा गंधक अडवतो. सेल जितका कमी तापमानावर, तितका त्रास जास्त. माझ्या मित्राच्या चाचणीत व्होल्टेज उतरत गेलं, सगळ्यांनी गळती शोधली. शेवटी सिलिंडरमधला शुद्ध हायड्रोजन सोडला, तेव्हा व्होल्टेज हळूहळू वर आलं. दोषी गंधकच होता.

"मग टाकीतच गाळून घ्या." तेच तर जमत नाही! रिफायनरीतून सुटून आलेला गंधक म्हणजे डायबेन्झोथायोफीनसारखी चिवट संयुगं. गंधक धरायला वापरतात ते झिंक ऑक्साइड त्यांना धरत नाही. रिफॉर्मरमध्ये ती फुटून हायड्रोजन सल्फाइड झाली की मगच धरतं. म्हणून ही झिंक ऑक्साइडची गाळणी रिफॉर्मरच्या नंतर बसवायची. त्यातही अडचण: वायूतली पाण्याची वाफ ही क्रिया उलटी ढकलते, आणि तापमान जास्त असेल तर आणखीच. मग वायू ३५०-४०० अंशांपर्यंत थंड करा, गाळा, पुन्हा तापवा. खर्च आणि जागा इथे जाते. आणि रिफॉर्मरचा उत्प्रेरक तर गाळणीच्या आधीच असतो, त्याला गंधक सोसावाच लागतो.

जहाजाचं विचारणाऱ्यांनो, जानेवारी २०२० पासून बहुतेक समुद्रांत जहाजाच्या इंधनाला ०.५० टक्के गंधकाची मुभा आहे. म्हणजे ५,००० पीपीएम! तिथे ही गाळणी किती दिवस पुरेल, तुम्हीच हिशेब करा आणि कमेंटमध्ये आकडा टाका.