एस्टनचा बाप कोण? हेमिंग्स घराण्याच्या वंशावळीचा माग

मंडळी, आज ज्या घराण्याबद्दल बोलायचंय त्याचं आडनाव हेमिंग्स. हे लोक अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे, मॉन्टिचेलो नावाच्या डोंगरावरच्या इस्टेटीत राहणारे, आणि त्या इस्टेटीचा मालक थॉमस जेफरसन, म्हणजे ज्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला आणि पुढे जो तिसरा राष्ट्राध्यक्ष झाला तोच. हेमिंग्स मंडळी त्याच्या घरात गुलाम होती. प्रश्न एवढाच आहे की त्यातल्या सॅली हेमिंग्सच्या मुलांचा, म्हणजे एस्टन आणि त्याच्या भावंडांचा, बाप कोण? १८०२ साली रिचमंडच्या एका वर्तमानपत्रात जेम्स कॅलेंडर नावाच्या पत्रकाराने उघड छापलं की राष्ट्राध्यक्षच बाप आहे, आणि तिथून जवळजवळ दोनशे वर्षं यावर वाद चालला. मला यात रस आहे तो राष्ट्राध्यक्षाच्या भानगडीसाठी नाही. ज्याच्या बापाचं नाव कुठल्याच कागदावर येणं शक्य नव्हतं त्याचा बाप शोधायचा कसा, आणि शोधताना कुणाचं बोलणं पुरावा म्हणून धरायचं, हे या एका केसमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

नाव कागदावर का येणार नाही, तर कायदा तसा होता म्हणून. व्हर्जिनियात १६६२ साली ठरलं की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरणार. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. म्हणजे बाप कोण हे नोंदवायची कायद्याला गरजच उरली नाही, आणि बाप जर स्वतः मालक असेल तर मूल सरळ त्याच्याच मालमत्तेत जमा, त्याच्या मृत्यूनंतर वाटणीत जाणार, कर्ज फेडायला विकलं जाणार.

आता एक पिढी मागे जाऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सॅलीची आई एलिझाबेथ हेमिंग्स. तिचा मालक जॉन वेल्स, आणि या वेल्सची मुलगी मार्था ही जेफरसनची बायको. वेल्स १७७३ साली वारला तेव्हा त्याच्या जमिनी, कर्ज आणि गुलाम यांतला मार्थाचा वाटा जेफरसनकडे आला, त्यात एलिझाबेथ आणि तिची मुलंही आली, आणि त्यातली अगदी धाकटी सॅली. सॅलीचा बाप हा वेल्सच, असं सॅलीचा मुलगा मॅडिसन सांगतो, आणि मॉन्टिचेलोवरच गुलाम असलेल्या आयझॅक जेफरसनच्या आठवणीतही लोक असंच म्हणायचे असं येतं. म्हणजे बघा, सॅली ही जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण झाली. एक बहीण मालकीण आणि दुसरी मालमत्ता.

मार्था १७८२ साली गेली. १७८७ साली जेफरसन पॅरिसमध्ये राजदूत असताना त्याची धाकटी मुलगी तिकडे पाठवली, तिच्या सोबतीला सॅली, वय साधारण चौदा. फ्रान्समध्ये ती स्वतंत्र होण्यासाठी दाद मागू शकली असती. मॅडिसन सांगतो की ती परत यायला तयार नव्हती, जेफरसनने वचन दिलं की तुला होणारी मुलं एकवीस वर्षांची झाली की मोकळी करीन, तेव्हा ती १७८९ मध्ये परतली. त्यानंतर झालेलं पहिलं मूल लवकर गेलं असंही तो सांगतो. पुढे १७९५ ते १८०८ या काळात सहा मुलं झाली, दोन मुली लहानपणी गेल्या, जगलेली चार म्हणजे बेव्हर्ली (हा मुलगा बरं का), हॅरिएट, मॅडिसन आणि एस्टन.

हे सगळं जुळवायचं कशावरून? तर जेफरसनला लिहायची जबरदस्त सवय. पत्रं, हिशोब, हवामान, आणि एक वही होती ज्यात इस्टेटीवरच्या गुलामांच्या याद्या, जन्म, कोणाला किती कापड आणि किती घोंगड्या दिल्या हे सगळं त्याच्या स्वतःच्या हाताने आहे. सॅलीची मुलं त्या वहीत आहेत, जन्माची वेळही आहे. बापाचं नाव नाही. पण वही तेवढ्यावर गप्प बसत नाही. बेव्हर्ली आणि हॅरिएट १८२२ मध्ये इस्टेट सोडून गेले, वहीत नोंद आहे की पळाले. आता पळालेल्या गुलामासाठी मालक जाहिरात देतो, बक्षीस लावतो, माणसं मागे सोडतो. इथे काय झालं, तर मुकादम एडमंड बेकन नंतर सांगतो की जेफरसनच्याच सांगण्यावरून मी हॅरिएटला पन्नास डॉलर दिले आणि फिलाडेल्फियापर्यंतचं गाडीभाडं भरलं. वहीत पळाली आणि हातात पैसे! वंशावळ काढणाऱ्याने या असल्या जागी थांबायचं असतं, नोंद काय म्हणते आणि वागणूक काय सांगते या दोन्हीच्या मध्ये जी फट राहते तिथे.

हाच बेकन असंही म्हणतो की हॅरिएट जेफरसनची मुलगी नव्हे, दुसऱ्या एका माणसाला मी पहाटे तिच्या आईच्या खोलीतून बाहेर येताना बऱ्याचदा पाहिलंय. हे बाजूला टाकून चालणार नाही, साक्ष ती साक्ष. पण बेकन मुकादम झाला १८०६ मध्ये आणि हॅरिएट जन्मली १८०१ मध्ये, त्यामुळे हॅरिएटच्या बापाबद्दल त्याने नंतर पाहिलेल्या गोष्टीवरून फार काही ठरत नाही.

जेफरसनच्या नातवंडांची साक्ष आणखी मजबूत वाटते, निदान पहिल्यांदा ऐकताना. नातू थॉमस जेफरसन रँडॉल्फ याने चरित्रकार हेन्री रँडलला सांगितलं की बाप पीटर कार, म्हणजे जेफरसनच्या बहिणीचा मुलगा. नात एलेन कूलिज हिने १८५८ च्या पत्रात लिहिलं की बाप सॅम्युअल कार, म्हणजे पीटरचा भाऊ. एकाच घरातली दोन भावंडं, दोघांनाही खात्री, आणि नावं वेगवेगळी. शिवाय रँडॉल्फने रँडलला हेही सांगितलं की ती मुलं जेफरसनसारखी इतकी दिसायची की त्यातल्या एकाला संध्याकाळच्या उजेडात लांबून पाहिलं तर जेफरसनच वाटावा. आणि रँडॉल्फच्या आईने, म्हणजे जेफरसनच्या मुलीने, म्हणे आपल्या मुलांना सांगितलं होतं की सर्वात जास्त साम्य असलेल्या मुलाच्या जन्माआधी पंधरा महिने जेफरसन आणि सॅली एकमेकांपासून लांब होते. पण जेफरसन कुठल्या दिवशी कुठे होता हे त्याच्याच कागदांतून काढता येतं. तो उपाध्यक्ष, मग राष्ट्राध्यक्ष, वर्षातले कितीतरी महिने बाहेर, आणि तरी सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या गर्भधारणेच्या वेळी तो मॉन्टिचेलोवर होता, एकदाही चूक नाही. तो नसताना तिला कधी दिवस गेले नाहीत. आईने सांगितलेलं कागदांवर टिकत नाही.

आता मॅडिसनकडे या. १८७३ साली ओहायोमधल्या पाइक काउंटीच्या एका वर्तमानपत्रात त्याची हकीकत छापून आली, तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा, सुतारकाम केलेला शेतकरी. आजीपासून सगळं सांगतो. पणजी आफ्रिकेतली, पणजोबा इंग्लिश जहाजाचा कप्तान, आडनाव हेमिंग्स, त्याला आपली मुलगी विकत घ्यायची होती आणि वेल्सने दिली नाही. जेफरसन आमच्याशी वाईट वागला नाही पण नातवंडांवर जसं प्रेम करायचा तसं आमच्यावर केलं नाही, हेही सांगतो. याच्या तीन वर्षं आधी, १८७० च्या जनगणनेत, घरी आलेल्या माणसाने मॅडिसनच्या नावापुढे लिहून ठेवलंय की हा थॉमस जेफरसनचा मुलगा. म्हणजे गावात हे माहीत होतं.

आणि या साक्षीचं पुढच्या इतिहासकारांनी काय केलं? बहुतेकांनी उडवून लावली. म्हातारा बढाई मारतोय, संपादकाने शब्द तोंडात घातले, गुलामीविरोधी प्रचार आहे, असं काय काय. एकमेकांना खोडणाऱ्या गोऱ्या नातवंडांचं बोलणं खरं आणि ज्याच्या बोलण्यातले तपशील वहीशी जुळतात त्या मॅडिसनचं खोटं. मला याचा खरंच राग येतो. १९९७ साली कायद्याच्या प्राध्यापक अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी पुस्तक लिहून हेच दाखवलं, की दोन्हीकडच्या साक्षींना वेगवेगळे काटे लावले गेलेत. त्या डीएनएच्या आधी हे म्हणाल्या हे लक्षात ठेवा.

डीएनए आला पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, नेचर या नियतकालिकात. युजीन फॉस्टर हे निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, त्यांनी काय केलं ते नीट समजून घ्या कारण यावर फार गोंधळ आहे. वाय क्रोमोसोम आडनावासारखा बापाकडून मुलाकडे जातो, जवळजवळ न बदलता. पण जेफरसनला बायकोपासून झालेला एकही मुलगा जगला नाही, मग त्याचा वाय मिळवायचा कुठून? तर त्याचा चुलता फील्ड जेफरसन, त्याच्या मुलांच्या मुलांच्या ओळीतले पाच पुरुष घेतले. कार घराण्यातले तीन घेतले. एस्टनच्या ओळीतला एक. आणि थॉमस वुडसन नावाच्या माणसाच्या ओळीतले पाच. निकाल असा की एस्टनचा वंशज जेफरसन घराण्याशी जुळला, आणि हा वाय युरोपात फारच दुर्मिळ. कार जुळले नाहीत, म्हणजे एस्टनपुरतं तरी नातवंडांचं म्हणणं संपलं. वुडसनही जुळले नाहीत.

वुडसनबद्दल दोन मिनिटं बोलायलाच हवं. या घराण्याच्या एकमेकांपासून दूर गेलेल्या शाखांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं की आपला मूळपुरुष थॉमस हा जेफरसन आणि सॅलीचा पहिला मुलगा. किती प्रेमाने जपलेली गोष्ट असेल ती. पण मॉन्टिचेलोच्या वहीत त्याचा पत्ता नाही, मॅडिसनच्या हकीकतीत नाही, आणि वाय जुळला नाही. घरात सांगितलेल्या गोष्टीचा मान ठेवायचा म्हणजे तीही तपासायची, मॅडिसनची तपासली तशीच, त्याच काट्याने.

बरं, मग बाप जेफरसनच ठरला का? वायवरून फक्त एवढंच कळतं की बाप जेफरसन घराण्यातला पुरुष आहे. लेखाच्या मथळ्यात मात्र थेट राष्ट्राध्यक्षाचं नाव होतं, आणि थोड्याच दिवसांत फॉस्टर यांनीच लिहिलं की दुसरा जेफरसन असण्याची शक्यता या तपासणीने जात नाही. ती शक्यता धरून काही अभ्यासकांनी २००१ मध्ये धाकटा भाऊ रँडॉल्फ जेफरसन याच्याकडे बोट दाखवलं. ऑगस्ट १८०७ मध्ये त्याला मॉन्टिचेलोवर बोलावल्याचं पत्र आहे, आणि एस्टन मे १८०८ चा, महिने बरोबर बसतात. पण तो आल्याची नोंद नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९९८ च्या आधी कोणीही, मित्राने नाही, शत्रूने नाही, नातवंडांनी नाही, रँडॉल्फचं नाव घेतलेलं नव्हतं. कार बंधू बाद झाले तेव्हा तो पुढे आला. मॉन्टिचेलो चालवणाऱ्या फाउंडेशनने २००० मध्येच आपला अहवाल दिला होता की एस्टनचा बाप बहुधा थॉमस जेफरसन आणि बाकी मुलांचाही तोच असावा, आणि २०१८ पासून ते हे ठरलेली गोष्ट म्हणूनच मांडतात. मलाही ते पटतं, एकट्या डीएनएमुळे नव्हे तर वही, तारखा, वागणूक, दिसणं, मुलांची नावं, मॅडिसनचा शब्द हे सगळं एकाच माणसाकडे येतं म्हणून. नावंही बघा, जेम्स मॅडिसन, थॉमस एस्टन, ही जेफरसनच्या मित्रांची आणि नात्यातल्या लोकांची नावं आहेत.

एक गोष्ट मला वाचल्यापासून सोडत नाही. १८१५ साली जेफरसनने फ्रान्सिस ग्रे नावाच्या गृहस्थाला पत्र लिहून बीजगणितासारखी अक्षरं मांडून दाखवलं की काळं रक्त किती पिढ्यांनी गोरं होतं. तिसऱ्या मिश्रणानंतर माणूस कायद्याने गोरा, मात्र आई गुलाम असेल तर गोरा गुलाम, मोकळा केला की गोरा नागरिक. सॅलीची मुलं नेमकी त्याच पायरीवर होती, सात भाग गोरी आणि एक भाग काळी, आणि हे पत्र लिहिलं जात होतं तेव्हा एस्टन सहा वर्षांचा, त्याच डोंगरावर.

मॅडिसन आणि एस्टनला १८२६ च्या मृत्युपत्राने मोकळं केलं. सॅलीचं नाव त्यात नाही, तिला जेफरसनच्या मुलीने गुपचूप जाऊ दिलं. एस्टन पुढे ओहायोला आणि १८५२ च्या सुमारास विस्कॉन्सिनला गेला, आडनाव जेफरसन लावलं आणि गोरा म्हणून जगला, त्याचा मुलगा जॉन यादवी युद्धात गोऱ्या पलटणीचा कर्नल झाला. त्या घरात नंतर सांगायला लागले की आपण जेफरसनच्या चुलत्याच्या वंशातले, म्हणजे खरं नातं झाकायला तयार केलेली गोष्ट. मॅडिसन काळ्या समाजात राहिला. त्याचा मुलगा विल्यम कॅन्ससला लष्करी दफनभूमीत पुरलेला आहे, त्याचा वाय तपासता आला असता, पण वंशजांनी कबर उघडायला नकार दिला. त्यांना आपला वंश सिद्ध करायची गरज वाटली नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे.

शेवटी जे अजून सापडलेलं नाही त्याबद्दल. हल्ली जी सगळ्या गुणसूत्रांची टेस्ट घरी किट मागवून करतात ती इथे जपून वापरावी लागते. इतक्या पिढ्यांत अंश फार थोडा उरतो हे एक, आणि दुसरं म्हणजे मार्था आणि सॅली जर एकाच बापाच्या, तर मॅडिसनचा वंशज आणि जेफरसनच्या मुलीचा वंशज जुळले तरी ते जुळणं वेल्सकडून आलेलं असू शकतं. बाप तपासायला गेलात आणि आजोबा हाती लागला! म्हणून तुलना जेफरसनच्या भावाबहिणींच्या वंशजांशी करायला हवी. आणि हॅरिएट, जी पन्नास डॉलर घेऊन गेली, तिने मॅडिसनच्या सांगण्याप्रमाणे वॉशिंग्टनमध्ये एका गोऱ्या माणसाशी लग्न केलं, मुलं वाढवली, आणि त्याने त्या माणसाचं नाव मुद्दाम सांगितलं नाही. तिचे वंशज आजही गोरे म्हणून कुठेतरी असतील. पण तिला मुलगी झाली असेल, त्या मुलीला मुलगी, अशी ओळ अखंड असेल तर आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए त्या आफ्रिकन पणजीचाच असणार, आणि एलिझाबेथच्या बाकीच्या मुलींच्या अशाच ओळीतली एखादी बाई मिळाली तर तो तिच्याशी जुळेल. वॉशिंग्टनच्या त्या काळातल्या लग्नांच्या नोंदी आणि ही एक टेस्ट, शोध घ्यायचा तर इथून घ्यायचा.