पुस्तक मिटून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

मी शाळकरी मुलांचं समुपदेशन करतो. माझ्याकडे येणारी मुलं स्वतःहून क्वचितच येतात. बहुतेकांना कुणीतरी पाठवलेलं असतं, आणि पाठवणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: "अभ्यास करत नाही." मग मूल बोलायला लागलं की कळतं, ते रोज बसतं. पुस्तक उघडं असतं, हातात रंगीत पेन असतं, पानावरच्या निम्म्याहून अधिक ओळी रंगवून झालेल्या असतात. धडा चार वेळा वाचलेला असतो. तरी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला हात थांबतो. "एवढं करूनही येत नाही, म्हणजे मीच ढ आहे," असा निकाल मुलानं स्वतःपुरता लावून टाकलेला असतो.

तो निकाल मला मान्य नाही. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं तो सुरुवातीला वाचला आणि नंतर न बघता आठवेल तेवढा तीनदा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात चांगलं राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

हा भरवसाच घात करतो. तीनदा वाचलेलं पान ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की 'आलं' असं वाटतं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायला बसलं की दोन ओळींत गाडी अडते. खरा अभ्यास तिथून सुरू होतो, पण नेमक्या त्याच क्षणी पोटात गोळा येतो. ज्या मुलाला वर्गात उत्तर चुकल्यावर हसू ऐकावं लागलंय, घरी भावंडाशी तुलना ऐकावी लागलीय, त्याला तो कोरा कागद म्हणजे आपल्या नालायकीचा पुरावा वाटतो. मग ते पुन्हा रंगीत पेनाकडे वळतं, नाहीतर फोनकडे. याला आपण आळस म्हणतो. मला त्यात बहुतेक वेळा भीतीच दिसते.

म्हणून अभ्यासाच्या सवयी आणि समुपदेशन ही दोन वेगळी कामं आहेत, असं मी मानत नाही. नुसतं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं तर ते आठवडाभर टिकतं. नुसत्या गप्पा मारून मन हलकं केलं, तरी उद्याचा पेपर तसाच उभा असतो. 'मला हे येत नाही' हे वाक्य स्वतःशी म्हणूनही जागेवर बसून राहता यावं, एवढी ताकद मुलात यायला हवी. आमची निम्मी खटपट त्याचसाठी चालते.

बीजगणिताचं उदाहरण घ्या. "मला गणित येत नाही" असं म्हणणाऱ्या मुलाला मी एकच उदाहरण माझ्यासमोर सोडवायला सांगतो आणि मध्ये बोलत नाही. पुष्कळदा दिसतं की सगळं नीट चाललेलं असतं. फक्त कंसापुढे उणे चिन्ह आलं की कंस सोडवताना आतल्या सगळ्या पदांची चिन्हं बदलायची राहून जातात. म्हणजे अडलं कुठं, तर त्या एका पायरीवर. त्याच प्रकारची पाच उदाहरणं आज, दोन-तीन दिवसांनी पुन्हा काही, मग आठवड्यानं. एका बैठकीत तीस सोडवण्यापेक्षा अशी अंतरानं केलेली उजळणी जास्त टिकते.

मुलांनो, सुरुवात वीस मिनिटांनी करा. बसण्याआधी काय करायचं ते नेमकं ठरवा. 'विज्ञान करायचंय' असं म्हटलं की मन पळवाटा शोधतं, 'पचनसंस्थेची आकृती न बघता काढायचीय' म्हटलं की हात चालतो. फोन दुसऱ्या खोलीत. शेवटची पाच मिनिटं पुस्तक मिटून. एखादा दिवस चुकला तर स्वतःला फार कोसू नका. कॅनडातल्या विद्यार्थ्यांवरच्या २०१० सालच्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. आणि 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे विसरा. लंडनमधल्या एका पाहणीत सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त.

पालकांना थोडं कडू सांगतो. समुपदेशकाला फोन करून "काय बोलला तो?" असं विचारू नका. मुलाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर आम्ही तुम्हाला सांगतोच. बाकीचं त्याचं त्याच्यापाशी राहू द्या, नाहीतर पुढच्या वेळी ते तोंड उघडणार नाही. "किती वेळ बसलास?" याऐवजी "आज कुठं अडलं?" असं विचारा, आणि उत्तर ऐकून लगेच शिकवायला धावू नका. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्र जागवून केलेल्या अभ्यासाचं कौतुक नको. मेहनत करूनही वाचताना अक्षरं सतत अडखळवत असतील, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, आणि अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित अडण्याची, चाचणी करून घ्यायला संकोचू नका. निदान झालं तर मुलाला मोकळं वाटतं, हे मी पाहिलंय.

आणखी एक. पहिल्या चाचणीत गुण वाढतीलच असं नाही. पुस्तक मिटून अभ्यास करायला लागल्यावर सुरुवातीला उलट वाटतं, की आधीपेक्षा कमी येतंय. तेव्हा सोडू नका. अडलेले प्रश्न एका पानावर लिहून ठेवा आणि समुपदेशकाच्या पुढच्या भेटीला ते पान घेऊन जा. "कसं चाललंय?" या प्रश्नाला "ठीक" म्हणण्यापेक्षा ते पान पुढे सरकवणं सोपं जातं, आणि बोलायला तिथूनच सुरुवात करता येते.

नमस्कार.