न्हाणीघराची खिडकी : खालचा भाग नजरेसाठी, वरचा हवेसाठी

अध्यक्षीणबाई आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘न्हाणीघरासाठी देखणे आणि सोयीचे पडदे’ असा छापला आहे. पडद्यांकडे मी येणारच आहे, पण त्याआधी मला खिडकीची बाजू मांडू द्या. घरांच्या सजावटीचे काम करताना मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे की, दिवाणखान्याच्या पडद्यासाठी माणसे चार दुकाने पालथी घालतात आणि न्हाणीघराच्या काचेवर मात्र गेल्या वर्षीचे कॅलेंडर उलटे करून चिकटवतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या खिडकीला दोन कामे असतात, बाहेरची नजर अडवणे आणि आतली वाफ घालवणे. बहुतेक घरांत नजर खालच्या भागातून येते आणि वाफ वरच्या भागातून जाते. वरपासून खालपर्यंत एकच पडदा ओढला की पहिले काम होते, पण दुसरे कायमचे बंद पडते.

हे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नाही. ते मी आमच्या घरी शिकले. आमचे घर डोंबिवलीत तळमजल्यावर होते आणि न्हाणीघराची खिडकी इमारतीच्या मागच्या बोळात उघडत असे. पाण्याच्या पंपाकडे जाण्याची वाट तीच असल्यामुळे पहाटेपासून तिथे कोणाची ना कोणाची ये-जा असायची. खिडकीला दुधी काच होती. आई साडेचारला उठून दिवा न लावताच आंघोळ करत असे आणि आम्हा भावंडांना ती तिची सवय वाटे. एका नरकचतुर्दशीला वडिलांनी न्हाणीघरातला दिवा लावला आणि आईने तो लगेच बंद केला, तेव्हा कुठे विषय निघाला. शेजारच्या काकूंनी तिला कधीतरी हळूच सांगितले होते, “वहिनी, दिवा लावलात की तुमची सावली काचेवर दिसते हो.” त्यानंतर कितीतरी वर्षे आमची आई अंधारात आंघोळ करत होती, आणि घरातल्या एकानेही तिला कारण विचारले नव्हते. आजही हे सांगताना माझा घसा दाटून येतो.

मी तेव्हा वास्तुकला शिकत होते. त्याच संध्याकाळी आम्ही दिवा लावून पाहणी केली. वडील बोळात उभे राहिले, आई आत. काच कोरडी होती तेव्हा तिची आकृती तेवढी दिसत होती. मग मी आतून काचेवर तांब्याभर पाणी ओतले, आईने हात काचेजवळ नेला, आणि वडील बाहेरून म्हणाले, “अगं, बांगड्या मोजता येतायत.” दुधी काचेची एक बाजू खरखरीत असते आणि त्या खरखरीमुळेच प्रकाश विखुरतो. पाणी त्या बारीक खळग्यांत भरले की पृष्ठभाग सपाट होतो आणि काच पुन्हा पारदर्शक होते. खरखरीत बाजूवर चिकटपट्टी लावून पाहा, तेच दिसेल. आमच्या काचेची खरखरीत बाजू आत, नेमकी पाणी उडते त्या बाजूला बसवलेली होती. बांधणाऱ्याचे दोन मिनिटांचे दुर्लक्ष आमच्या आईने वर्षानुवर्षे सोसले.

त्यानंतर आम्ही जी चूक केली ती तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. आम्ही जाड सुती पडदा शिवून घेतला आणि संपूर्ण खिडकी झाकली. श्रावणात त्याच्या खालच्या काठावर मोहरीएवढे काळे ठिपके उमटले, आठवड्याभरात ते वर चढले, आणि न्हाणीघरात पाऊल टाकताच कुबट वास येऊ लागला. हिशेब साधा आहे. पाच बाय आठ फुटांच्या आणि आठ फूट उंचीच्या खोलीत सुमारे ९ घनमीटर हवा मावते. ३० अंशांवर ओथंबलेल्या हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी असते, २५ अंशांवर सुमारे २३ ग्रॅम. म्हणजे हवा पाच अंशांनी निवली की साठेक ग्रॅम पाणी भिंतीवर, आरशावर आणि पडद्यावर उतरते. चार माणसांच्या आंघोळींचे ते पाव लिटर झाले. ऊन नाही आणि वारा नाही, अशा जागी सुती कापड ते पिऊन बसते.

शेवटी काच काढून उलटी बसवली. वर छज्जा असल्यामुळे बाहेरून पाऊस तिच्यावर येत नव्हता. दाराच्या बाजूचा बल्ब खिडकीच्या वरच्या भिंतीवर नेला, त्यामुळे सावली काचेऐवजी दारावर पडू लागली. पडदा कापून अर्धा केला आणि वरची झडप बारा महिने उघडी ठेवली. आईने दिवा लावून आंघोळ केली.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. कोकणातल्या जुन्या घरांत खिडकीच्या खालच्या आणि वरच्या झडपा वेगळ्या असत, त्या याच कारणाने. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांची चपटी, दुधाळ तावदाने बसवलेली असत. त्यांतून उजेड आत येतो, पण पलीकडचे माणूस दिसत नाही. त्यांवर मी तासभर बोलू शकते.

पण दहाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा पडद्यांचे भराभर सांगते.

अर्धा पडदा लावायचा असेल तर घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या डोक्याच्या वर चार बोटे येईल एवढाच लावा. कापड लवकर वाळणारे, पॉलिएस्टरचे घ्या आणि दोन पडदे शिवून घ्या, म्हणजे एक धुण्यात असला तरी अडत नाही. स्प्रिंगच्या दांडीला टाइल फोडावी लागत नाही. रोलर ब्लाइंड, म्हणजे नळीवर गुंडाळला जाणारा पडदा, घ्यायचा तर प्लास्टिकचा लेप असलेला घ्या, आणि शक्य असेल तर खालून वर चढणारा. बांबूची चिक सुंदर दिसते, पण ती मोकळ्या, वाऱ्याच्या खिडकीलाच शोभते. डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या बंदिस्त पोकळीत, उघडणाऱ्या खिडकीला तिच्यावर बुरशी धरते. लाकडी पट्ट्या फुगतात. ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या टिकतात, मात्र साबणाचा थर आठवड्याला पुसावा लागतो. ब्लाइंडच्या दोरीचा फास लहान मुलांच्या हाती लागणार नाही एवढा उंच बांधा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच मागा, कारण लोखंडाचा तांबडा ओघळ टाइलवरून सहजासहजी जात नाही.

समोरची इमारत उंच असेल तर नजर वरून येते आणि माझा अर्ध्या पडद्याचा नियम तिथे चालत नाही. तिथे दुधी काचेच्या पट्ट्यांची खिडकी घ्या आणि पट्ट्यांची बाहेरची कड खाली झुकलेली ठेवा. पाऊस आणि वरची नजर, दोन्ही तिथेच अडतात आणि वाफ फटींतून निघून जाते. आरशासारखी चकाकणारी फिल्म दिवसा काम करते. रात्री आत दिवा लागला की तीच फिल्म बाहेरच्याला आतले दाखवते, त्यामुळे ती न्हाणीघराला लावू नका. एक्झॉस्ट पंखा बसवलात तरी दाराखाली अर्धा इंच फट सोडा, कारण बाहेरून हवा आत आल्याशिवाय पंखा आतली हवा बाहेर काढू शकत नाही.

मागच्या टेबलावर दुधी काचेचे दोन तुकडे ठेवले आहेत, एक खरखरीत बाजू वर करून आणि दुसरा गुळगुळीत बाजू वर करून. शेजारी पाण्याचा तांब्या आहे. जाताना दोन्हींवर पाणी ओतून, त्यांच्या पलीकडे आपला हात धरून पाहा.