द्राक्षटेकड्यांवरची सायकल: लहान चढांचा हिशेब

(दृश्य: पहाट. दरीत धुकं. वरच्या उतारावर वेलींच्या ओळी आणि त्यांच्यामधून थेट वर गेलेला अरुंद डांबरी रस्ता.)

इटलीच्या पिएमाँते प्रांतातलं ला मोर्रा हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटरवर आहे. खालचं अल्बा शहर 170 च्या आसपास. म्हणजे फरक सव्वातीनशे मीटरचा. मोठे घाट चढणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि 60 किलोमीटरनंतर तोच गडी कुठल्या तरी भिंतीला सायकल टेकवून बसलेला दिसतो. हे सव्वातीनशे मीटर एका दमात चढायचे नसतात ना! 80 मीटर चढा, 60 उतरा, परत 90 चढा. दिवसभर हेच. संध्याकाळी सायकलच्या मीटरवर एकूण 1200 मीटरची चढाई जमा झालेली असते आणि त्यातला एकही चढ नाव घेण्याजोगा नसतो.

रस्ते असे का, ते वेलीला विचारावं. वेलीला पाय ओले ठेवून उभं राहणं सोसत नाही, उतारावर पाणी थांबत नाही. दक्षिणेकडे कललेल्या जमिनीवर ऊन जास्त सरळ पडतं. शिवाय रात्री थंड हवा जड होऊन खाली सरकते, त्यामुळे वसंतातलं दव गोठतं ते दरीत. मधला उतार बऱ्याचदा वाचतो. सपाट, कसदार जमीन धान्याला गेली आणि टेकडी वेलीला मिळाली. तिथले रस्ते पडले ते गाड्या आणि ट्रॅक्टर बागेत नेण्यासाठी. नागमोडी वळणं घेतली तर जमीन खर्ची पडते, म्हणून बरेच रस्ते ओळींच्या कडेने सरळ वर चढतात.

(दृश्य: मोझेल नदीचं वळण. काठाने सपाट सायकलमार्ग, वर कड्यासारखी बाग.)

जर्मनीत मोझेलकाठी हे टोकाला गेलेलं दिसतं. ब्रेम गावाच्या काल्मोंट उतारावर काही जागी कल 60 अंशांच्या पुढे आहे. माणसं आणि माल वर न्यायला तिथे एका रुळावरची छोटी गाडी वापरतात. नदीकाठचा सायकलमार्ग मात्र तळहातासारखा सपाट. मोझेलची सहल सोपी की अवघड, हे डावीकडे वळला की उजवीकडे यावर ठरतं.

(दृश्य: मागच्या चाकाच्या कॅसेटचा, म्हणजे दातेरी चकत्यांच्या संचाचा, जवळून शॉट. चेन सर्वांत मोठ्या चकतीवर.)

आता गिअर. इटलीत, प्रोसेको वाईनच्या टेकड्यांत ‘मुरो दी का देल पोज्जो’ नावाचा चढ आहे. जिरो दितालिया ही इटलीची मोठी सायकल शर्यत इथून अनेकदा गेली आहे. लांबी साधारण 1.1 किलोमीटर, सरासरी चढ 12 टक्के, कमाल 19. समजा, सायकल धरून एकूण वजन 80 किलो आहे. पेडलजवळच्या चकतीला 34 दात, मागच्या चाकाच्या चकतीला 34 दात. पेडलच्या एका फेरीत चाकही एकदाच फिरतं, म्हणजे 2.1 मीटर. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेसात किलोमीटर, आणि 12 टक्क्यांच्या चढावर त्यासाठी साधारण 210 वॅट लागतात. मागची सर्वांत मोठी चकती 25 दातांची असेल, तर त्याच 60 फेऱ्यांना 290 च्या आसपास वॅट हवेत. ते झेपत नसतील तर फेऱ्या 44 वर येतात आणि प्रत्येक फेरीत गुडघ्यावर ओझं पडतं. अशा एका चढावर काही बिघडत नाही. बाराव्या चढावर बिघडतं. 34 दातांची कॅसेट ‘म्हाताऱ्यांसाठी’ म्हणून हिणवणारे बहुतेक सपाटीवर राहणारे असतात.

मात्र मोठी कॅसेट बसवली की दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला) एवढी मोठी चकती चालते का. दुसरी, चेनची लांबी. पुढे मोठी, मागे मोठी या जोडीवर चेन टाकून बघायची. डिरेलर ताणून आडवा होत असेल तर चेन आखूड आहे. ती जोडी चालवताना वापरायची नसते, पण दमलेल्या माणसाची बोटं ती कधी ना कधी टाकतातच. आणि सायकल आधी कधी उजव्या बाजूला पडली असेल, तर डिरेलर जिथे फ्रेमला लागतो तो हँगर वाकलेला नाही ना, ते बघून घ्यायचं. वाकलेला असेल तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये, ऐन चढावर, डिरेलर स्पोकमध्ये अडकतो. मग डिरेलर तुटतो, कधी चाकही जातं.

(दृश्य: उतार संपतो, वळण, आणि लगेच समोर उभा चढ.)

या टेकड्यांत चेन पडते ती ठरावीक जागी. उतारावरून मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या मोठ्या चकतीवर) जोरात येता, वळण घेता आणि समोर 14 टक्के. घाईत पुढचा गिअर लहान करता, त्याच क्षणी पायाचा पूर्ण जोर पडतो. ताणलेली चेन बाजूला सरकताना उडते आणि लहान चेनरिंग ओलांडून फ्रेमच्या बाजूला पडते. उपाय साधा आहे: चढ लागण्याआधी, पाय हलके असताना पुढचा गिअर बदला. पाय एकदम रिकामे फिरू नयेत म्हणून मागे दोन-तीन गिअर जड करा. मग चढ वाढेल तसे मागचे एकेक हलके करत जा. तरीही चेन पडलीच, तर जोर लावू नका. वेग शिल्लक असेल तर हलकेच पेडल फिरवत पुढचा गिअर मोठ्यावर टाका. पुष्कळदा चेन आपोआप वर चढते. अडकल्यासारखी वाटली की उतरा. रेटून फिरवलं तर फ्रेमवर चरे पडतात.

दम राखण्याचं गणितही घाटापेक्षा वेगळं. घाटात एक लय पकडून तासभर चढता येतं. इथे चढ तीन मिनिटांत संपतो, त्यामुळे तो ‘मारून’ नेण्याचा मोह होतो. पहिला तृतीयांश भाग मुद्दाम हळू घ्यावा आणि माथ्यावर पोहोचताच पाय सोडू नयेत. माथ्यानंतरचे वीस-तीस मीटर पेडल मारलं की उतारावरचा वेग फुकटात मिळतो. पुढचा चढ अर्ध्या मिनिटाचा असेल तर त्या वेगावरच निम्मा निघतो. खाण्याचं वेळापत्रक घड्याळावर ठेवावं, कारण चढावर खाता येत नाही आणि उतारावर दोन्ही हात ब्रेकवर असतात. तासाला 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट, अर्धा ते पाऊण लिटर पाणी. दुपारी ओळींमधून ताशी 8 किलोमीटरने चढताना वारा लागत नाही, आणि जे ऊन द्राक्षाला हवं असतं तेच पाठीवर पडतं.

म्हणून मार्ग आखताना एक गोष्ट फायद्याची ठरते. उत्तर गोलार्धात टेकडीच्या उत्तर अंगाला बहुधा झाडी असते, दक्षिण अंगाला बाग. चढायचं झाडीतून, उतरायचं बागेतून. सावलीत अंग तापत नाही आणि उन्हातला रस्ता उतरताना कोरडा मिळतो. उलट केलं तर उन्हात भाजून निघायचं आणि ओल्या पानांवर ब्रेक दाबायचे.

(दृश्य: रस्त्याला काटकोनात असलेल्या ओळी, मग रस्त्याला समांतर ओळी. सायकलस्वाराच्या नजरेच्या उंचीवरून.)

बागेतल्या उतारावर ओळींची दिशा वाचायला शिकावं. ओळी रस्त्याला काटकोनात असतील तर दोन ओळींमधून आतलं दिसतं. ट्रॅक्टर येत असेल तर कळतं. ओळी रस्त्याला समांतर असतील तर तारांवर चढलेला पाला म्हणजे पुरुषभर उंचीची हिरवी भिंत. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, बागेतून येणारी पायवाट तोंडाशी आल्यावरच दिसते. तिथे हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, वेग वळणाच्या आधी कमी, आणि वळणात ब्रेक सोडलेले. रिमब्रेक (चाकाच्या कडेला घासणारे ब्रेक) असतील तर ते सतत घासत ठेवू नका; जोरात दाबा, सोडा, परत दाबा. मधल्या क्षणात रिमला वारा लागतो.

रस्त्यावर काय पडलेलं असेल, ते ऋतू सांगतो. हिवाळ्यात छाटलेल्या काड्या आणि तार बांधल्याचे तुकडे. तारेचा तुकडा टायरमध्ये उभा घुसतो आणि हात फिरवूनही सापडत नाही. नवी ट्यूब टाकण्याआधी टायर आतून कापडाने पुसावा, कापड अडकतं तिथे तार असते. पावसानंतर वळणाच्या आतल्या बाजूला बागेतून वाहून आलेले खडे. टस्कनीच्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर, जिथे 2007 पासून स्ट्राडे बियांके शर्यत होते, पावसाने काय होतं ते 2010 च्या जिरोत मोंताल्चिनोच्या टप्प्यावर सगळ्यांनी पाहिलं: चिखलाने माखल्यामुळे कोण कोणत्या संघाचा, ते ओळखू येईना. अशा रस्त्यांना 32 मिलिमीटरचा टायर आणि 75 किलोच्या माणसाला साधारण 50 ते 55 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते. नुसत्या डांबरावर 28 चा टायर, 65 ते 70.

वसंत-उन्हाळ्यात फवारणी. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आणि गंधक, ही दोन जुनी औषधं आजही चालतात. वारा पडलेला असतो म्हणून काम सकाळी लवकर होतं, नेमकं सायकलच्या वेळेला. पुढे फवाऱ्याचा ढग दिसला की थांबा, नाहीतर वारा जिकडून येतो त्या बाजूने वळसा घ्या. गंधकाने डोळे चुरचुरतात, आणि उघड्या नळीच्या बाटलीवर बसलेलं औषध पुढच्या घोटाबरोबर पोटात जातं. बाटलीला टोपण लावा.

पहाटे निघणाऱ्यांसाठी आणखी एक. वेलीला दरीपासून दूर ठेवणारी ती थंड हवा सकाळपर्यंत खालीच साचलेली असते. वर घाम आलेला, आणि उतरताना शेवटच्या शे-दोनशे मीटरमध्ये बोटं एकदम बधिर. जॅकेट माथ्यावर घालायचं, खाली पोहोचल्यावर नाही.

वाईन चाखणं सायकल लावून ठेवल्यानंतर. 750 मिलिलिटरची भरलेली काचेची बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. ती जर्सीच्या मागच्या खिशात घालून उतार उतरू नये. पडलात तर ती मणक्याखालीच येणार.

(दृश्य: काढणीचे दिवस. द्राक्षांनी भरलेला ट्रेलर वळणावर कलतो, रसाची धार रस्त्यावर.)

काढणीच्या दिवसांत वळणावळणाला हा रस सांडलेला असतो. ओला असताना घसरडा, वाळला की चिकट. टायरवर बसतो, माती धरतो, तिथून रिमवर आणि चेनवर जातो. त्या संध्याकाळी सायकल साध्या पाण्याने धुवा, साखर पाण्यात विरघळते. चेन कापडाने कोरडी करा, तासभर राहू द्या, आणि मग प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकेक थेंब.