परसदारी दोन मजले

(दृश्य : सकाळ. जांभ्याचं कौलारू घर, पुढे खळं (अंगण), तुळस. कॅमेरा घराला वळसा घालून मागे येतो.)

कोकणातलं जुनं घर पुढून फारसं बदलत नाही. ओटी, पडवी, खळ्यातली तुळस, सगळं जागच्या जागी असतं. घर वाढतं ते परसदारी. आधी न्हाणीघर होतं, मग संडास, मग गॅसच्या स्वयंपाकासाठी वेगळी खोली, मग लाकडं भिजू नयेत म्हणून टाकलेला पत्रा. आणि एका गणपतीत घरात माणसं मावेनाशी होतात. मुंबई-पुण्याहून भावाभावांची कुटुंबं येतात, माजघरभर अंथरुणं पडतात, सकाळी एकाच न्हाणीघरापुढे रांग लागते. तिथेच, ओटीवर बसून ठरतं, मागे दोन मजले काढू या. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या.

हा विचार चांगला आहे. जुनं घर पाडून त्या जागी सपाट स्लॅबचा ठोकळा उभा करण्यापेक्षा तर फारच चांगला. चार खोल्या जमिनीवर पसरण्याऐवजी दोनावर दोन घेतल्या, तर निम्म्या जागेत काम होतं. फणस वाचतो, विहिरीकडची वाट वाचते. अडचण येते ती नकाशात. नकाशा खोल्यांपासून काढायला घेतात. तो सुरू व्हायला हवा जुनं घर संपतं आणि नवं सुरू होतं त्या जोडापासून. तडा तिथेच जातो, गळतंही तिथेच, आणि चुकीचा जोड दिला की जुन्या घरात कायमचा अंधार होतो.

(दृश्य : जुन्या भिंतीचा पाया उघडा केलेला. चिऱ्यांचे (जांभ्याच्या घडीव दगडांचे) थर, मधली माती.)

आधी पाया पाहू. ही भिंत दीड फूट जाडीची आहे, पण चिरे मातीत बसवलेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कौलांचं ओझं तिने सांभाळलं, आणि त्या ओझ्याखाली तिची जमीन केव्हाच दबून स्थिर झाली. नव्या बांधकामाखालची जमीन मात्र पहिली काही वर्षं थोडी थोडी दबत राहते. स्लॅब जुन्या भिंतीत खोचला, तर एक बाजू स्थिर आणि दुसरी खाली जाणारी. मग भिंतीत तिरका तडा जातो, तो दर वर्षी सिमेंटने भरला जातो आणि दर वर्षी पुन्हा उघडतो.

म्हणून जुन्या भिंतीवर नव्याचं काहीही टेकवायचं नाही. स्लॅब नाही, तुळई नाही, जिनाही नाही. दोन्हींच्या मध्ये इंच-दोन इंचांची फट ठेवायची आणि वरून पाणी शिरू नये म्हणून ती पत्र्याच्या पट्टीने अशी झाकायची, की दोन्ही बाजू आपापल्या परीने हलू शकतील. गवंडी म्हणेल, “फट कशाला, एकजीव करून टाकू.” त्याचा हेतू चांगला असतो, पण इथे एकजीव केलेलंच फाटतं.

खोदतानाही जपायला हवं. नव्या खांबाचा खड्डा जुन्या भिंतीला चिकटून, तिच्या पायापेक्षा खोल खणला, तर भिंतीखालची माती सुटते. खांबांची पहिली रांग भिंतीपासून तीन-चार फूट लांब घ्यावी, आणि जागा हवीच असेल तर तिथून स्लॅब जुन्या घराच्या दिशेने पुढे काढावा. आराखडा काढणाऱ्या इंजिनिअरकडून हे पहिल्याच भेटीत मागून घ्या.

‘त्यापेक्षा जुन्या घरावरच मजला चढवू’ असंही काही जण सुचवतात. मातीतल्या चिऱ्यांच्या भिंतीवर तो चढवू नये, हे मी ठामपणे सांगतो. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप घाटाच्या दोन्ही बाजूंनी जाणवला होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली. नवे दोन मजले चिऱ्याचे बांधायला हरकत नाही, चिरा आपल्या मातीतलाच आहे. पण मग सिमेंटचा माल हवा, आणि जोत्यावर, दार-खिडक्यांच्या माथ्यावर व छपराखाली सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरलेला हवा. कोपऱ्यांत उभ्या सळ्याही हव्यात. धक्का बसला तर चारही भिंती एकमेकींना धरून राहतात, त्या या पट्ट्यांमुळे.

(दृश्य : माजघर. भर दुपारी लावलेला दिवा.)

आता उजेडाचं पाहू. माजघराला उजेड येतो तो मागच्या दारातून आणि त्याशेजारच्या खिडकीतून. बरोबर त्याच दाराला नवी दुमजली भिंत चिकटली की माजघर बंद पेटी होतं. दुपारी बारा वाजताही बटण दाबावं लागतं, पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते, आणि हळूहळू घरातली माणसं तिथे बसणंच सोडतात. ज्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या जेवणावळी झाल्या, त्या खोलीत बारदानं आणि मोडक्या खुर्च्या ठेवल्या जातात. हे पाहून मला फार वाईट वाटतं.

यावरचा उपाय आपल्याच वाड्यांमध्ये आहे. तो म्हणजे चौक. जुनं घर आणि नवी इमारत यांच्या मध्ये सात-आठ फुटांची मोकळी जागा सोडा, वर आकाश राहू द्या. एका कडेने चार फूट रुंदीची छप्पर असलेली वाट जुन्या मागच्या दारातून नव्या घरात न्या. या वाटेचं ओझंही नव्याच बाजूच्या खांबांवर घ्या. एवढं केलं की माजघराचा उजेड टिकतो, नव्या खालच्या खोल्यांना दोन बाजूंनी वारा मिळतो आणि फटीचा प्रश्न चार फुटांत आटोपतो. बायकांना धुणं-भांड्यांसाठी, वाळवणासाठी आडोशाची जागा मिळते. ‘सात फूट वाया गेले’ असं हिशेब करणाऱ्याला वाटतं. नव्या खोलीची लांबी दोन फुटांनी कमी करा, पण चौक ठेवा.

(दृश्य : मुसळधार पाऊस. दोन छपरांच्या मध्ये साचलेलं पाणी, पन्हळीत अडकलेली आंब्याची पानं.)

कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. म्हणजे ६० चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर १२ हजार लिटर पाणी खाली येतं. कोकणाला असे दिवस नवे नाहीत. जुन्या छपराचा मागचा उतार आणि नव्याचा पुढचा उतार समोरासमोर आले, तर हे सगळं पाणी मधल्या एका पन्हळीत येणार. त्या पन्हळीत आंब्या-फणसाची पानं असणारच. ती तुंबली की पाणी उलटं कौलांखाली शिरतं, वासे कुजतात.

चौक असला तर दोन्ही छपरांच्या पागोळ्या मोकळ्या जागेत पडतात आणि ही घळच उरत नाही. फक्त चौकाची फरशी नव्या जोत्यापेक्षा निदान फूटभर खाली हवी, आणि पाणी बाजूने बाहेर नेणारा पाट हवा. चौकाला जागाच नसेल, तर मधली पन्हळ फूटभर रुंद, दोन्ही टोकांना उतार असलेली, आणि माणूस शिडी लावून हाताने साफ करू शकेल अशी घ्या. चार इंची पाइपवर भरवसा ठेवू नका.

दुमजली घराची दुसरी अडचण म्हणजे झड. जुन्या घराचं छप्पर इतकं खाली उतरतं की भिंत भिजतच नाही. वरच्या मजल्याची भिंत मात्र उघडी असते, आणि नैर्ऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो. चिरा पाणी शोषतो, आतून पोपडे सुटतात, मग लोक जूनमध्ये निळी ताडपत्री बांधतात. त्यापेक्षा दोन मजल्यांच्या मध्ये, खालच्या खिडक्यांच्या वर, सभोवार कौलारू पडवीचं छप्पर फिरवा, आणि वरच्या छपराची वळचण तीन फूट बाहेर काढा. मोठ्या खिडक्या उत्तरेला आणि पूर्वेला घ्या, पश्चिमेला लहान ठेवा. छप्पर नीट बांधलेलंही हवं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कौलं आणि पत्रे उडून गेले होते. जितकं उंच, तितका वारा जास्त. वाशांपासून भिंतीतल्या पट्ट्यापर्यंत लोखंडी पट्टी आणि बोल्टची सलग बांधणी हवी.

(दृश्य : रस्त्यावरून दिसणारं घर. जुन्या छपरामागून डोकावणारा नवा मजला.)

रस्त्यावरून पाहिलं की उंची खटकते. जुनं आढं, म्हणजे छपराचा सगळ्यांत उंच कणा, अठरा-वीस फुटांवर असतं, नवी इमारत सहज पंचवीसच्या वर जाते, आणि पुढचं घर तिच्यापुढे खुजं दिसतं. जुनं जोतं बहुधा जमिनीपासून तीन फूट उंच असतं. परसदारी जमीन आणखी उतरत असेल, तर तो उतार वापरा. नवा खालचा मजला जुन्या घरापेक्षा चार फूट खाली बसवा. मग मधल्या वाटेवरून आठ पायऱ्या उतरलं की खालच्या खोल्या, दहा पायऱ्या चढलं की वरच्या. एक लांब जिना जाऊन दोन सोपे तुकडे होतात, आणि नवं आढं जुन्याच्या जवळपास राहतं. मला हा आराखडा सगळ्यांत आवडतो. त्यात एक न्हाणीघर वाटेच्याच पातळीवर, जुन्या घराच्या दारापाशी, उंबरठ्याशिवाय घ्यावं. घरातल्या वडीलधाऱ्यांना रात्री पायरी उतरावी लागू नये.

मागे जमीन चढत असेल, डोंगर असेल, तर मात्र हे सगळं विसरा. खोलीसाठी डोंगर उभा कापू नका. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा जागी नवं घर बाजूला घ्या, मागे नाही.

वरचा संडास खालच्या संडासाच्या बरोबर डोक्यावर घ्या, म्हणजे नळ एकाच रेषेत उतरतात आणि कुणाच्या पलंगावर गळत नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट लांब हवा. जांभ्यातून पाणी झिरपतं, म्हणून त्याहून लांब गेलात तर उत्तम.

(दृश्य : ओटीवर पसरलेले कागद.)

कागदांचं काम आधी उरका. घर आणि जमीन सामाईक असेल, तर सातबाऱ्यावर नावं असलेल्या सगळ्या भाऊबंदांची लेखी संमती घ्या. कित्येक अर्धवट भिंती पैशाअभावी नव्हे, तर या एका सहीअभावी उभ्या आहेत. ग्रामपंचायतीत परवानगीची चौकशी करा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेडची) मर्यादा तपासा. उरलेल्या महिन्यांत खोल्या पर्यटकांना द्यायच्या असतील, तर राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे. पण तसा बेत असेल तर नव्या भागाला बाहेरून वेगळं दार आत्ताच ठेवा, म्हणजे पाहुण्यांना देवघरावरून जावं लागणार नाही.

काम दिवाळीनंतर सुरू करा. पाया डिसेंबरात, स्लॅब फार तर मार्चपर्यंत. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये इथल्या विहिरी तळ गाठतात, आणि स्लॅबला पाणी मारायला पाणीच नसतं. छप्पर पंधरा मेपूर्वी पूर्ण हवं. मग गवंडी आणि सुतार गावात असतानाच छपरावर, पन्हळीत आणि जुन्या-नव्याच्या फटीवरच्या पट्टीवर टँकरचं पाणी सोडा, आणि खाली माजघरात उभं राहून भिंत वरपासून खालपर्यंत हाताने चाचपा. ओल लागली तर दुरुस्ती त्याच आठवड्यात होते. जुलैत निसरड्या कौलांवर कुणी चढत नाही.